रक्ताची नळी आणि काळी स्क्रीन : जीनोमिक्स-इम्युनॉलॉजीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की रिसर्चमधल्या करिअरबद्दल काहीही विचारा, आणि खरंच खूप प्रश्न आले, नाशिक शहरातून तर आलेच पण सुरगाण्यातून आणि निफाडकडूनही आले याचा मला फार आनंद झाला. सगळे घेता येणार नाहीत, सहा निवडलेत. नवीन वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल: मी पंचवटीत वाढले, कॉलेज रोडला बीएस्सी मायक्रो केलं, मग पुण्यात एमएस्सी, पीएचडी, काही वर्षं बाहेर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) आणि आता पुन्हा पुण्यातच एका लॅबमध्ये आहे. सगळा डीएनए म्हणजे जीनोम वाचायचं शास्त्र ते जीनोमिक्स, शरीर रोगाशी कसं लढतं त्याचं शास्त्र ते इम्युनॉलॉजी, आणि मी दोन्हीच्या मधे: टीबीच्या पेशंट्सच्या टी सेल्समध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये, कुठले जीन चालू असतात नि कुठले बंद, हे माझं काम.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला होते, नीटचा स्कोअर एमबीबीएसला पुरणार नाहीये. घरचे म्हणतात फार्मसी कर. 2025 च्या मेडिसिनच्या नोबेलबद्दल वाचल्यापासून मला इम्युनॉलॉजी आवडायला लागलीये, पण क्लासचे सर म्हणाले स्कोप जीनोमिक्सला आहे. नक्की कुठलं घेऊ? (एक विद्यार्थिनी, सिडको)

उत्तर : तू ज्या नोबेलबद्दल वाचलंस ना, 2025 चं, त्यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण बातम्यांमध्ये ती दोन ओळीत संपवली होती.

1940 च्या दशकात अमेरिकेत ओक रिज नावाच्या ठिकाणी रेडिएशनचा परिणाम बघायला उंदीर पाळले होते, त्यात काही नर पिल्लं आजारी निघायला लागली. कातडी खपल्या धरलेली, पाणथरी (स्प्लीन) आणि लिम्फ नोड्स सुजलेले, आणि जेमतेम काही आठवडे जगायची. आजारी फक्त नर, म्हणजे गडबड एक्स क्रोमोसोमवर, एवढं तेव्हाच लक्षात आलं होतं. त्या उंदरांना स्कर्फी म्हणतात. पुढे कळलं की या पिल्लांना बाहेरचा कुठलाच जंतू झालेला नाही, त्यांच्याच टी सेल्स त्यांच्याच अवयवांवर तुटून पडतायत. पण का? 1990 च्या दशकात मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल या दोघांनी ठरवलं की तो बिघडलेला जीन शोधायचाच. एक्स क्रोमोसोम म्हणजे साधारण 17 कोटी अक्षरं. आज आपण पूर्ण डीएनए मशीनमध्ये टाकून वाचून काढतो तसं तेव्हा नव्हतं, त्यांनी चाळत चाळत तो भाग 5 लाख अक्षरांपर्यंत आणला, त्यात 20 जीन होते, मग एकेक जीन निरोगी आणि आजारी उंदरात ताडून बघितला आणि बिघाड सापडला तो विसाव्यात. शेवटच्या! त्याचं नाव फॉक्सपी3. 2001 मध्ये त्यांनी हे छापलं, आणि हेही दाखवलं की माणसात हाच जीन बिघडला की आयपेक्स नावाचा तसाच आजार लहान मुलग्यांना होतो. तिकडे जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी 1995 मध्येच दाखवलं होतं की काही टी सेल्सचं काम बाकीच्यांना आवरायचं असतं, आणि 2003 मध्ये कळलं की या आवरणाऱ्या पेशी तयार व्हायलाच फॉक्सपी3 लागतो. तिघांना मिळून नोबेल.

आता तूच सांग, हे जीनोमिक्स की इम्युनॉलॉजी? उंदराला काय होतंय हे इम्युनॉलॉजीनं सांगितलं आणि कशामुळे होतंय हे जीनोमिक्सनं, एकाला सोडून दुसरं पुढे गेलंच नसतं. आणि हे दोन विषय मुळातूनच एकमेकात गुंतलेले आहेत बरं का. शाळेत आपण शिकतो की शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए सारखाच असतो. आपल्या बी सेल्स (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) आणि टी सेल्स हा नियम पाळत नाहीत! अँटिबॉडी म्हणजे जंतूला चिकटणारं प्रथिन, त्याच्या मोठ्या भागासाठी, म्हणजे जड साखळीसाठी, आपल्याकडे साधारण 40 व्ही, 23 डी आणि 6 जे असे तुकडे असतात, प्रत्येक बी सेल त्यातला एकेक उचलते, मधलं डीएनए कापून टाकते आणि स्वतःचा वेगळाच जीन शिवून घेते. सुसुमु टोनेगावा यांनी हे 1976 मध्ये उंदराच्या गर्भाचं डीएनए आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीचं डीएनए शेजारी ठेवून दाखवलं, 1987 चं नोबेल त्यांना एकट्यालाच मिळालं. मी एसवायला असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, अजूनही वर्गात शिकवताना अंगावर काटा येतो.

तर कुठलं घेऊ ही निवड आत्ता करूच नकोस. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था, त्यांची प्रवेश परीक्षा आयएटी दे, त्यात बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स प्रत्येकी 15 प्रश्न असतात, त्यामुळे मॅथ्स सोडलं असशील तर ते पुन्हा हातात घ्यावं लागेल. नाहीच झालं तर नाशिकमध्येच मायक्रो, बायोटेक, झूलॉजी, केमिस्ट्री यातलं जे आवडतं त्यात बीएस्सी कर, मन लावून कर, आणि तिसऱ्या वर्षी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा दे. तीन सायन्स अकॅडमी मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात त्याचा फॉर्म भरायला विसरू नको, खऱ्या लॅबमध्ये दोन महिने काढलेस की तुझं तुलाच कळेल. फार्मसी वाईट नाहीये, पण तुला नको असताना नको.

प्रश्न : मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतोय. सगळीकडे कोडिंग कोडिंग ऐकू येतं आणि मला कॉम्प्युटरची भीतीच वाटते. हाताने काम करायला आवडतं. मला या फील्डमध्ये जागा आहे का? आणि तुमचा दिवस नेमका कसा असतो? (एक विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : जागा आहे, आणि हाताने काम करणाऱ्याला तर नक्की आहे. दिवस कसा असतो ते एका सॅम्पलवरून सांगते. पेशंटचं 10 मिली रक्त येतं. लोकांना वाटतं बर्फात आणत असतील, पण जिवंत पेशी हव्या असतील तर रक्त रूम टेंपरेचरलाच आणतात, थंडीत पेशी नीट वेगळ्या होत नाहीत. नाशिकहून सॅम्पल यायचं असलं की माझा जीव चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो, कारण जितका उशीर तितक्या पेशी बदलत जातात, जीन चालू-बंद व्हायला लागतात आणि मग आपण वाचतो ते पेशंटच्या आजाराचं की प्रवासाचं हेच कळत नाही. मग रक्तात तेवढंच बफर घालायचं, दुसऱ्या नळीत फायकॉल नावाचं साखरेच्या पाकासारखं जड द्रावण घ्यायचं, नळी तिरकी धरायची आणि पिपेटने रक्त काठावरून इतकं हळू सोडायचं की ते फायकॉलवर सायीसारखं तरंगलं पाहिजे. मिसळलं तर गेलं. मग अर्धा तास सेंट्रिफ्यूज, ब्रेक बंद ठेवून, म्हणजे मशीनला आपापलं थांबू द्यायचं. बाहेर काढलं की तळाला लाल पेशी, वर पिवळा प्लाझ्मा, आणि दोघांच्या मधे फायकॉलच्या डोक्यावर एक धुरकट पांढरी रिंग. त्या रिंगमध्ये टी सेल्स, बी सेल्स, मोनोसाइट्स. ती रिंग पहिल्यांदा स्वच्छ आली तो दिवस मला अजून आठवतो.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून ब्रेक चालू राहिला होता. मशीन झटक्यात थांबलं, थर ढवळले गेले, आणि त्या दिवशीची सगळी सॅम्पल्स वाया गेली. त्यातल्या एका आजींनी खूप अशक्तपणा असतानाही रक्त दिलं होतं, मला त्याचं फार वाईट वाटलं, त्यांच्याकडे पुन्हा रक्त मागायला मी गेले नाही. तेव्हापासून ब्रेकचं बटण मी तीनदा बघते.

आता कॉम्प्युटर. पेशींमधून आरएनए काढलं, सीक्वेन्सिंग झालं, म्हणजे मशीनने ते वाचून काढलं, की तुझ्या हातात येतात अक्षरांच्या फाइल्स, जीबीच्या जीबी. त्या एक्सेलमध्ये उघडतसुद्धा नाहीत. मग लिनक्सची काळी स्क्रीन, जिथे कमांड टाईप करून काम होतं, आणि आर किंवा पायथन यातली एखादी कोडिंगची भाषा, याला पर्याय नाही. पण मी तुला एक अनुभव सांगते म्हणजे भीती कमी होईल. आमच्या एका बॅचमध्ये निकाल जुळत नव्हते, मी सहज म्हणून झिस्ट नावाचा जीन बघितला, हा ज्यांच्याकडे दोन एक्स असतात त्या पेशींमध्ये, म्हणजे बायकांमध्ये, चालू असतो, आणि तो एका पुरुष पेशंटच्या सॅम्पलमध्ये भरपूर चालू दिसत होता. म्हणजे कुठेतरी लेबलांची अदलाबदल झाली होती! ते कोडिंगच्या हुशारीने नाही सापडलं, बायोलॉजी माहीत होती म्हणून सापडलं, आणि कोड फक्त चार ओळींचा होता. तुला इंजिनिअर व्हायचं नाहीये, आपला डेटा आपल्याला वाचता आला पाहिजे इतकंच. स्वयम आणि एनपीटीईएलवर फुकट कोर्स आहेत, रोज अर्धा तास दे, आणि छोट्या कामाने सुरू कर, एखादा जाहीर डेटासेट उतरवून त्यात एकाच जीनचा आलेख काढ. जो माणूस रिंगही काढतो आणि आलेखही काढतो त्याला लॅब सोडत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतेय.

प्रश्न : मुलगी 26 वर्षांची आहे, पीएचडीला लागून दुसरं वर्ष. नातेवाईक विचारतात अजून शिकतेच आहे का, लग्न कधी. मिळतात किती पैसे? आम्हाला तिला अडवायचं नाहीये पण काळजी वाटते. (एक आई, इंदिरानगर)

उत्तर : ताई, आधी एक. ती शिकतेच आहे असं म्हणू नका, ती काम करतेय. जेआरएफ म्हणजे फेलोशिप, जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे एसआरएफ झाली की 42,000, वर घरभाडं. ज्या लॅबच्या प्रोजेक्टवर मुलं लागतात त्यांना कधी याहून कमी मिळतात, आणि पैसे वेळेवर येत नाहीत, दोन-तीन महिने रखडतात हा त्रास खरा आहे, तो मी लपवणार नाही. त्यावेळी घरचा आधार लागतो. मला माझ्या आईने तीन महिने खोलीभाडं पाठवलं होतं आणि नातेवाइकांना ती सांगायची की लेक नोकरीला आहे, तेवढ्या एका वाक्यानं मला किती बळ मिळालं असेल हे तिला अजून माहीत नाही.

पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक तीन-चार, म्हणजे पक्की नोकरी मिळेपर्यंत पस्तिशी येते, हे स्पष्टच सांगते. सरकारी संस्थेतली प्रोफेसरशिप थोड्यांनाच मिळते. पण पीएचडी झालेली मुलं लसींच्या कंपन्यांमध्ये, डायग्नॉस्टिक लॅबमध्ये, सीक्वेन्सिंगच्या कंपन्यांमध्ये, हॉस्पिटलच्या एचएलए लॅबमध्ये चांगल्या पगारावर लागतात, किडनी किंवा बोनमॅरो बदलायचं तर जुळतंय का हे तिथेच बघतात. लग्नाचं म्हणाल तर तिच्या प्रयोगांची वेळ समजणारा माणूस बघा, उंदीर आणि पेशी रविवार पाळत नाहीत. एवढं विचारून ठेवा, बाकी ती बघेल.

प्रश्न : चांगलं संशोधन करायला अमेरिकेला जावंच लागतं का? (नाशिकरोडहून एक वाचक)

उत्तर : गेलात तर फायदा होतो, मी गेले होते, पण जावंच लागतं असं नाही. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे ए, बी, ओ कशातच बसत नव्हतं, ओ गटाचं रक्तसुद्धा त्या माणसांना चालत नव्हतं. कारण ओ गटात जो एच नावाचा पाया असतो तोच त्यांच्या लाल पेशींवर नव्हता, आणि त्यांच्या शरीरात एचविरुद्धच अँटिबॉडी होत्या. आज आपल्याला माहितीये की हे एफयूटी1 या जीनमधल्या बिघाडामुळे होतं. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. म्हणजे जीन आणि इम्युनिटीचा धागा आपल्याकडे तेव्हापासून आहे, आणि 1957 मध्ये मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झालेली संस्था आज आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्तावर संशोधन करणारी संस्था आहे. पुण्यात पेशींवर काम करणारी एनसीसीएस, आयसर, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही, खारघरला कॅन्सर संशोधनाचं अ‍ॅक्ट्रेक, हे सगळं नाशिकपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. आणि जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाचा 10,000 भारतीयांच्या जीनोमचा डेटा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला झालाय. आपल्या लोकांचे जीन आपणच वाचायला हवेत, याचं कारण पुढच्या प्रश्नात येतंच.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्या काही मुलांना सिकलसेल आहे. एकाला सारखं अ‍ॅडमिट करावं लागतं आणि दुसरा कबड्डी खेळतो. दोघांचा आजार एकच ना? तुमच्या संशोधनाचा या मुलांना काय उपयोग? (सुरगाणा तालुका)

उत्तर : सर, या महिन्यातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. आजार एकच. हिमोग्लोबिनच्या एका जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं, ए च्या जागी टी, त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. पण पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर ते बंद होत जातं. काहींच्यात ते पूर्ण बंद होत नाही, आणि ते जितकं जास्त उरतं तितका त्रास सहसा कमी. तुमच्या कबड्डीवाल्या मुलात कदाचित तेच असेल. हे बंद करणारं बटण म्हणजे बीसीएल11ए हा जीन, तो 2007-08 च्या सुमारास हजारो लोकांचे जीनोम ताडून सापडला, आणि त्याच बटणावर क्रिस्परची, म्हणजे डीएनए नेमका कापणाऱ्या तंत्राची, कात्री चालवणारी थेरपी 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. सुरगाण्याच्या मुलाला याचा आज काही उपयोग नाही हे मला माहितीये आणि ते मला टोचतं, म्हणूनच आपल्याकडे स्वस्तात हे व्हायला हवं आणि त्यासाठी इथली मुलं या क्षेत्रात यायला हवीत.

पण आज उपयोगी पडेल असंही काही आहे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी ते बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. दुसरं इम्युनिटीचं. या मुलांची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते, आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंना रक्तातून गाळून काढणं हे पाणथरीचं काम. म्हणून सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर सकाळपर्यंत बघू असं करू नका, रात्री असेल तर रात्री दवाखान्यात न्या. लसी पूर्ण झाल्यात का बघा, पाणी भरपूर प्यायला लावा, थंडीत पांघरूण जास्तीचं द्या. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनमध्ये 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, त्यात मोठ्या मुलामुलींची तपासणी राहिली असेल तर करून घ्या, कारण नवरा-बायको दोघं वाहक (बिघडलेल्या जीनची एकच प्रत असलेले) असतील तर दर बाळंतपणाला आजाराची शक्यता चारात एक असते. आणि वाहक म्हणजे आजारी नाही हे वर्गात पुन्हा पुन्हा सांगा सर, या एका गैरसमजापायी मुलींची लग्नं मोडतात.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, थॉमसन. मुलगी बारावीला, तुमचे लेख वाचते. डाऊनीवर (पानांवर तेलकट डाग पाडणारा रोग) औषधं मारून आम्ही थकलो. झाडांना इम्युनिटी असते का आणि तिला यात काही करता येईल का? (एक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : असते ना दादा! झाडात रक्त नाही, अँटिबॉडी नाही, पहारा देत फिरणाऱ्या पेशी नाहीत, त्यामुळे प्रत्येक पेशी आपापला पहारा देते. तिच्यातले काही जीन म्हणजे जंतू ओळखणारे पहारेकरी. जंतू ओळखला की ती पेशी स्वतः मरते आणि डाग तिथेच थांबतो. डाऊनी खरं तर बुरशीसुद्धा नाही, शेवाळाच्या जवळचा जीव आहे. तो मूळ अमेरिकेतला, 1878 मध्ये युरोपात पोचला आणि तिथल्या बागा साफ केल्या. तुम्ही जे बोर्डो मारता, मोरचूद आणि चुना, ते त्याच काळात फ्रान्समधून आलं. रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून तिथले शेतकरी ते फवारायचे, आणि मिलार्डे यांच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर डाऊनी नाही, 1885 मध्ये त्यांनी ते छापलं. अमेरिकेतल्या रानवेली मात्र डाऊनीबरोबरच वाढलेल्या, त्यांच्याकडे ओळखणारे जीन आहेत, आरपीव्ही3 हा असे जीन असलेला डीएनएचा एक पट्टा. थॉमसन युरोपातल्या द्राक्षजातीची, तिच्याकडे हे पहारेकरी नाहीत, म्हणून इतकी औषधं. द्राक्षाचा जीनोम 2007 मध्येच वाचून झालाय, साधारण 30,000 जीन, म्हणजे कुठला पहारेकरी नव्या रोपात उतरला हे फळ धरायची वाट न बघता पानावरूनच कळतं.

मुलीला बीएस्सी अ‍ॅग्री किंवा बायोटेक, पुढे झाडांचं जीनोमिक्स असा रस्ता आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं द्राक्ष संशोधन केंद्र तुम्हाला माहीत असेलच, एकदा तिला तिथे घेऊन जा. आणि तोवर एक काम. तुमच्या बागेतल्या सगळ्या थॉमसनच्या काड्या एकमेकांची कलमंच आहेत, डॉगरीज या खुंटावर बांधलेली, म्हणजे जीन सारखेच. मग डाऊनीचा पहिला तेलकट डाग दरवर्षी कुठल्या ओळीत, कुठल्या कोपऱ्यात दिसतो? तिथे दव जास्त वेळ राहतं का, वारा अडतो का? या ऑक्टोबर छाटणीपासून तिला एक वही करायला सांगा, ओळ नंबर, तारीख, सकाळी पान किती वाजेपर्यंत ओलं होतं, आणि डाग. सीझन संपला की ती वही मला बघायला पाठवा.